तीन उन्हं

शामला पौनीकरनं कडेचे चार दगड बाजूला केले, नकाशा उचलला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कागद कोरा होता. कुठे कुठे पिवळट-करडी सावली उरली होती, एवढंच. शुक्रवारी याच कागदावर निळ्या रेषांची दाटी होती आणि आज सोमवारी तिथे काही नव्हतं. तिनं शेजारचा उचलला. तोही तसाच. पलीकडचाही.

१९७६ सालचा मे महिना, सकाळचे अकरा वाजलेले. नागपूरचं मेमधलं ऊन नागपूरकरांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. संग्रहालयाच्या गच्चीवर चपलेचा तळ चिकटत होता. तरी शामलाच्या तळहातांना गार घाम सुटला.

या संग्रहालयाच्या पाटीवर विज्ञान, तंत्र आणि कारागिरी असे तिन्ही शब्द होते. खालच्या दालनात पोट फाडून ठेवलेलं वाफेचं इंजिन, सूत कातायची यंत्रं, पुलांच्या लाकडी प्रतिकृती. शाळेच्या सहली यायच्या, पोरं इंजिनाच्या पोटात बोटं घालून बघायची आणि जायची. मागच्या बाजूला दफ्तरखाना होता, तिथे मात्र काळं कुत्रं फिरकत नसे. बंद पडलेल्या गिरण्यांचे काठांचे नमुने, यंत्रांची आरेखनं, पुलांचे, पाणीपुरवठ्याचे, खाणींचे जुने नकाशे. ज्यांना हे सगळं फेकवत नव्हतं आणि ठेवायला जागाही नव्हती, त्यांनी ते इथे आणून टाकलं होतं. शामला या दफ्तरखान्याची राखणदार. बी.ए. झाली आणि वर्षभराच्या प्रोबेशनवर लागली. एकतीस मेला वर्ष भरणार होतं आणि ती कायम होणार होती. घरी गोळीबार चौकातल्या खोलीत म्हातारी आई, जिजाबाई. बाप विणकर होता. त्याचा माग विकून सहा वर्षं झाली होती आणि तो जाऊन चार. ही नोकरी गेली तर काय, हा प्रश्न त्या घरात कोणी तोंडातून काढत नसे.

झालं होतं असं, की एप्रिलात संग्रहालयाचे प्रमुख चंपतराव देवतळे दफ्तरखान्यात डोकावले आणि नेमकी त्यांच्या बोटाखालून एक कसर नकाशावर सुर्रकन पळाली. "शामलाबाई, या किड्यांचा बंदोबस्त करा. कसा करायचा ते तुम्ही बघा," असं म्हणून ते दिल्लीच्या बैठकीला निघून गेले. साहेब लोकांचं हे बरं असतं.

आता किड्यांचा बंदोबस्त म्हटलं की विदर्भातल्या बाईला एकच ठाऊक असतो. तूर असो, तांदूळ असो, गोधड्या असोत, मे महिन्यातली तीन कडक उन्हं दाखवायची आणि झाकणाच्या डब्यात बंद करायचं. वर्षभर बघायला नको. शामलानं तेच केलं. म्हाताऱ्या नत्थूजी शिपायाच्या मदतीनं तिनं नकाशांच्या गुंडाळ्या गच्चीवर नेल्या, एकेक पसरला, कडांना दगड ठेवले. नत्थूजींनी वर सल्लाही दिला, "तीन उनं दाखवा बाई. चवथं नाई. चवथ्या उनात दाना फुटते."

खरं तर विणकराच्या पोरीला इतकं कळायला हवं होतं. रंगवलेलं सूत कोणी उन्हात वाळवत नाही, सावलीत वाळवतात. हे तिनं पाळण्यात असल्यापासून पाहिलेलं. पण तिच्या डोक्यात कागद धान्याच्या बाजूला जाऊन बसला होता, सुताच्या नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं.

"झालं का बाई ऊन?" जिन्यावरून नत्थूजींनी विचारलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, कागद कोरा की भरलेला हे त्यांना दिसण्यातलं नव्हतं.

"झालं," शामला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

तिनं सगळे नकाशे घाईघाईनं गुंडाळले, खाली नेले आणि दफ्तरखान्याच्या आतल्या बिनखिडकीच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या खणांत कोंबले. कुलूप लावलं, किल्ली पदराच्या टोकाला बांधली. कोण बघायला येतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. वर्षभरात कोणी आलं नाही, आता कशाला येईल?

मंगळवारी चंपतराव दिल्लीहून परतले ते हातात पत्र नाचवतच.

"शामलाबाई, आपल्या दफ्तराला रद्दी म्हणणाऱ्यांना हे दाखवा!"

पत्र उमरेडपलीकडच्या एका कोळसा खाणीचं होतं. मागच्या डिसेंबरात बिहारकडे एका खाणीत जुन्या खाणीचं साचलेलं पाणी फुटून शिरलं होतं आणि शेकडो माणसं आतल्या आत बुडाली होती. तेव्हापासून सगळ्या खाणींना हुकूम होता: शेजारी जुनी बंद खाण असेल तर तिचा नकाशा मिळवा, ती कुठवर खणलेली आहे ते बघा, मगच पुढे जा. या खाणीच्या शेजारी होती इंग्रजांच्या काळातली पिपरडोल खाण, अडतीस साली बंद पडलेली. तिचा जगातला एकुलता एक नकाशा आपल्या या संग्रहालयात होता. तो बघायला खाणीचे सर्व्हेअर भोयर पुढच्या आठवड्यात शुक्रवारी येणार होते.

"पिपरडोलचा नकाशा आहे ना नीट?" चंपतरावांनी विचारलं.

"आहे, साहेब."

खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. तोंडातून आपोआप निघून गेलं आणि मग ते परत घेता येईना. ती जागेवर येऊन बसली. गच्चीवर पहिल्यांदा उचललेला नकाशा पिपरडोलचाच होता. आणि ज्या खाणीचं पत्र होतं, त्या खाणीत तिचा सख्खा मोठा भाऊ कवडू कामाला होता.

पिपरडोलचा नकाशा तिला चांगला आठवत होता. बाकीच्या कागदांकडे तिनं बघितलंही नव्हतं, पसरले आणि दगड ठेवले. हा पसरताना मात्र ती उकिडवी बसून राहिली होती. कोळसा काढताना छत कोसळू नये म्हणून खाणीत मध्ये मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात आणि त्यांच्या भोवतीनं उभे-आडवे बोगदे काढतात. कागदावर ते हुबेहूब चौकडीच्या लुगड्यासारखं दिसतं. तिच्या बापाच्या मागावर अशीच चौकडी निघायची. लहानपणी तो तिला मागाशेजारी बसवून म्हणायचा, पोरी, घरं मोज, कुठं रंग चुकला ते सांग. ती सवय हाडात मुरलेली. म्हणून पिपरडोलच्या नकाशावरही तिचं बोट आपोआप फिरलं होतं. निळी घरं, निळी घरं, आणि नाल्याच्या बाजूला कडेला लाल शाईनं हातानं काढलेली आणखी घरं. छापील नकाशा आधीचा, आणि त्यानंतर खणलेलं कोणीतरी पेननं भरलेलं. सहा घरं लांब, तीन रुंद. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत 'जुलै १९३८'. चांगला हात आहे, असं त्या वेळी तिच्या मनात आलं होतं. बस, तेवढंच.

रविवारी कवडू आला. उमरेडहून एसटीनं यायचा, दुपारी जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. आई वाढत होती, तो भाकरी मोडत होता.

"शामे, तुह्या त्या संग्रालयात आमचे भोयर साहेब येऊन राहिले म्हन्ते."

"हो." तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "भाऊ, तुमचं काम कोनीकडे चालू हाये सध्या?"

"नाल्याकडे. मोठा गजब कोळसा लागला तिकडे. रोज धा फूट पुढे जाऊन राहिलो." कवडू हसला. "मंगलवारपासून तर भिताडाले घाम सुटला. आपन घामेजतो न, तसा कोळसा घामेजून राहिला. आमचा मुकादम म्हन्ते, उन्हाळा हाये, कोळशालेही गरमी होते."

शामलाच्या हातून तांब्या कलंडला. आई म्हणाली, "काहून वं, ध्यान कुठं हाये तुवं?"

ध्यान कुठे होतं ते सांगता आलं असतं तर काय हवं होतं. भिताडाला घाम. घाम म्हणजे पाणी, आणि नाल्याकडे म्हणजे त्या लाल घरांकडे. तिनं दोनदा तोंड उघडलं. भाऊ, नकाशा माझ्या हातून गेला. एवढंच वाक्य होतं. सांगितलं तर तो सोमवारी खाणीत सांगेल, खाणीतून चंपतरावांना फोन येईल, मग कायम झाल्याची ऑर्डर नाही, नोकरी नाही, आणि सरकारी ठेवा नासवला म्हणून खटलाच झाला तर? तिनं पोलीस चौकीही मनात बघून घेतली. म्हणून ती गप्प बसली. मला तिचा राग येतो, पण तिच्या जागी बसून बघितलं की तो राग टिकत नाही.

"उद्या नोको जाऊ कामावर," जाताना ती एवढंच म्हणाली.

"काहून?"

"असंच."

"पोट्टी येडी झाली," म्हणून कवडू हसत बसस्टँडकडे गेला.

त्यानंतरचे चार दिवस ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. झोप लागली की कोरा कागद दिसायचा. चोराच्या मनात चांदणं असतं; टेलिफोन वाजला की तिचा जीव खालीवर व्हायचा, चंपतरावांनी नुसतं "शामलाबाई" म्हटलं तरी ती दचकून उठून उभी राहायची. कपाट उघडून बघायचं धैर्य तिला झालं नाही. काय बघायचं होतं त्यात?

शुक्रवार उजाडला. साडेदहाला भोयर आले: पन्नाशीचे, काळेसावळे, कातडी पिशवीतून स्वतःच्या खाणीचा नकाशा घेऊन. मागच्या डिसेंबरात पाणी शिरलेल्या त्या खाणीत त्यांचा कोणी ओळखीचा होता म्हणे. ते फारसं बोलत नव्हते. चंपतरावांनी मोठं टेबल पुसून घेतलं, वरचा दिवा लावला.

"शामलाबाई, पिपरडोल आणा."

ती आतल्या खोलीत गेली. पदराची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. आता बाहेर जाऊन सांगायचं, साहेब, मी नासवला. नाहीतर मागच्या दारानं निघून जायचं. या दोन्हींच्या मध्ये उभं राहून तिनं खण ओढला आणि गुंडाळी उलगडली.

निळ्या रेषा होत्या.

तिनं डोळे मिटले, उघडले. होत्या. थोड्या फिक्या, पण उभ्या-आडव्या स्वच्छ दिसत होत्या. ओळीत बसलेली सगळी घरं, मधला चढ-उताराचा बोगदा, कोपऱ्यातला बाण. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. मेलेलं माणूस दारात उभं राहावं तसं तिला झालं. मग ती कपाटाला टेकून भुईवरच बसली. वाचले, वाचले, असं ती पुटपुटत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

रडता रडता तिचं बोट सवयीनं घरांवरून फिरलं. निळं, निळं, निळं. नाल्याच्या बाजूची शेवटची ओळ. आणि पुढे? पुढे कागद पांढरा होता.

लाल कुठे होतं?

तिनं नकाशा उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला, तिरका धरला. लाल नव्हतंच. ती तारीखही नव्हती. जणू कोणी कधी काढलंच नव्हतं.

"शामलाबाई!"

ती उठली, नकाशा टेबलावर नेऊन ठेवला आणि भिंतीला लागून उभी राहिली. भोयरांनी आपला नकाशा शेजारी पसरला, नाला नाल्याला जुळवला, मोजपट्टी लावली. दोनदा मोजलं.

"चारशे वीस फूट," शेवटी भोयर म्हणाले आणि त्यांनी पहिल्यांदा श्वास मोकळा सोडला. "पिपरडोलचा शेवटचा बोगदा आमच्यापासून चारशे वीस फुटांवर आहे. दोनशेच्या आत असता तर काम बंद ठेवावं लागलं असतं. मी तर भीतभीतच आलो होतो, देवतळे साहेब. आमच्या भिंतींना ओल आलीय ना."

"नत्थूजी, चहा आणा!" चंपतराव खुशीत होते. "बघा, जुनं जपून ठेवलं की असं कामी येतं. आमच्या शामलाबाईंनी परवाच सगळ्या नकाशांचा बंदोबस्त केला, कसरीचं नाव नाही!"

भोयरांनी पेन काढलं आणि अहवाल लिहायला घेतला.

शामलाला कळत होतं, की आता काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं. नकाशा परत आला होता, कोणाला काही ठाऊक नव्हतं, नोंदवहीत जुन्या राखणदारानं लिहिलं होतं 'नकाशा एक, निळ्या रेषा, स्थिती बरी' आणि लालचा त्यात शब्द नव्हता. चहा येईल, भोयर जातील, एकतीस तारखेला ऑर्डर मिळेल. आणि कवडू रोज दहा फूट पुढे जाईल.

"साहेब, जरा बाहेर येता?" ती चंपतरावांना म्हणाली.

व्हरांड्यात तिनं सगळं सांगितलं. गच्ची, तीन उन्हं, कोरा कागद, लाल घरं. चंपतरावांचा चेहरा आधी हसरा होता, मग तो उतरत गेला.

"उन्हात? दफ्तर उन्हात वाळवलंत? हे काय तुमच्या घरचे पापड आहेत?" ते दबक्या आवाजात ओरडले. मग त्यांनी मागे बघितलं, दार ओढून घेतलं. "ऐका. नकाशा आहे तसा आहे. लाल होतं हे तुमच्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही, आणि तुम्हाला चुकीचं आठवत नसेल कशावरून?"

"मी मोजली होती, साहेब."

"मोजली होती! कशासाठी?"

"सवयीनं."

"शामलाबाई, तुमची ऑर्डर माझ्या टेबलावर सहीला आहे. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या. खाणवाले आपलं बघून घेतील, त्यांचे नियम असतात."

"तिथं माझा भाऊ आहे."

चंपतराव दाराकडे पाठ करून उभे राहिले. ते वाईट नव्हते, भित्रे होते. आणि त्या घडीला त्या व्हरांड्यात दोघंही सारखेच भित्रे होते. भाऊ तिथे नसता तर शामला पुढे गेली असती का? मला सांगता येत नाही. तिलाही सांगता आलं नसतं. तिनं साहेबांच्या बाजूनं हात घालून दार ढकललं, इतकं खरं.

"भोयर साहेब, लिहू नका. इथं लाल शाईनं आणखी काढलेलं होतं. ते माझ्या हातून गेलं."

भोयरांनी पेन खाली ठेवलं. तिनं पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी अडखळत, मध्ये मध्ये घरची बोली येत होती तिकडे तिचं लक्षही नव्हतं. तिला वाटलं हा माणूस हसेल. तो हसला नाही.

"कोरा झाला होता, अन् आज निळं परत दिसलं?"

"हो. कसं ते मला नाही माहीत."

"मला माहीत आहे," भोयर हळूच म्हणाले. "हे निळे छाप उन्हानं उडतात आणि अंधारात ठेवले की परत येतात. ट्रेनिंगमध्ये एका म्हाताऱ्या ड्राफ्ट्समननं आम्हाला दाखवलं होतं. ज्यानं डोळ्यानं बघितलं नाही त्याला हे रचून सांगायला सुचणार नाही." त्यांनी नकाशाच्या पांढऱ्या कडेवर बोट ठेवलं. "लाल शाई परत येत नाही."

त्यांनी पिशवीतून पारदर्शक कागद काढला, नकाशावर अंथरला आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली. "काढा."

शामलाची पहिली रेघ वाकडी गेली. तिनं डावा हात उजव्या मनगटावर दाबला. मग बापाच्या मागाशेजारी बसल्यासारखी मोठ्यानं मोजू लागली. कोपऱ्याच्या बाणापासून सात ओळी सोडून आठवी. तिच्यापुढे एक घर, दोन, तीन. नाल्याकडे चार, पाच, सहा. रुंदीला तीन. इथे तारीख. ती थांबली तेव्हा घामानं कागद ओला झाला होता.

भोयरांनी मोजपट्टी लावली. एक घर साठ फुटांचं. सहा घरं म्हणजे तीनशे साठ. चारशे वीसमधून तीनशे साठ गेले की काय उरतं, हे टेबलाभोवतीच्या तिघांनाही एकदमच कळलं.

"साठ फूट," भोयर म्हणाले. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "सहा दिवस. आणि अडतीस सालापासूनचं पाणी." ते उठून टेलिफोनकडे गेले. मध्येच वळून म्हणाले, "बाई, हे मला लिहून द्या. तुमच्या सहीनं. नुसत्या तोंडी शब्दावर मॅनेजर खाण थांबवणार नाही."

तिनं लिहून दिलं. 'माझ्या हातून' हे शब्द तिनं तीनदा गिरवले. नत्थूजी चहाचे पेले घेऊन दारात उभे होते आणि त्यांना कोणी आत या म्हणेना.

त्याच संध्याकाळी चंपतरावांनी तिला निलंबनाचा कागद दिला. देताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. शामला घरी आली आणि वाट बघू लागली. आधीची भीती एकाच गोष्टीची होती. आताची दोन्ही बाजूंनी होती. पाणी निघालं तर आत कोण असेल? आणि नाहीच निघालं तर? आपण चुकीचं मोजलं असेल, दुसऱ्याच कुठल्या कागदावरचं लाल डोक्यात बसलं असेल, तर खाण बंद पाडणारी बाई म्हणून जन्मभर लोक बोट दाखवतील. रविवारी कवडू आलाच नाही. रात्रंदिवस ती मनात घरं मोजत होती. कधी सहा यायची, कधी पाच.

बुधवारी दुपारी कवडू दारात उभा राहिला. आठवड्याच्या मधल्या दिवशी तो कधीच येत नसे. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं वाळून कडक झाली होती. तो आत आला, भिंतीला पाठ लावून बसला. आई मागच्या बाजूला धुणं धूत होती.

"काम बंद केलं म्हून आमी तुले शिव्या देऊन राहिलो होतो," तो म्हणाला. "तू हायेस हे मालूम नवतं. नागपूरची कोनी बाई म्हनलं होतं. भोयर साहेबानं आज नाव सांगतलं."

"का झालं, भाऊ?"

"लांब गिरमिटानं पुढे भोक पाडून पाहून राहिले होते. मी रॉड धरला होता. पंचावन फुटावर..." त्यानं हात वर केले आणि ते तसेच हवेत राहिले. "रॉड माह्या हातून सुटून मागच्या भिताडावर आदळला, शामे. मानसाच्या मनगटाएवढं भोक, अन् त्याच्यातून पानी असं आलं का दोघं जन लोटले गेले. त्या पान्याले वास होता. लाकडाचा खुंटा ठोकून बुजवाले दोन घंटे लागले. उद्या तिथं आमी सुरुंग लावनार होतो. माही पाळी होती. बावन मानसं राह्यतेत एका पाळीले."

तो रडू लागला. मोठा भाऊ रडताना शामलानं पहिल्यांदा पाहिला. ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि मग दोघंही रडली, आणि तिला बऱ्याच दिवसांनी पोटभर श्वास घेता आला. नोकरी गेली होती, जाऊ दे. काय व्हायचं ते होवो, हा माणूस समोर बसलेला आहे.

कवडूनं डोळे पुसले. खाणीतल्या माणसाला एकेक पाऊल टाकताना पुढचा विचार करायची सवय असते.

"शामे, उन्हात किती नकाशे वाळवले तू?"

"सदतीस."

"त्याच्यात खानीचे किती?"

तिनं मनातल्या मनात नोंदवही उलगडली. "सात. कामठीकडचे, चांद्याकडचे..."

"अन् लाल कुठं कुठं होतं, याद हाये?"

"मी एकच पाहिला होता, भाऊ," शामला म्हणाली. "बाकीचे नुसते पसरले."

मागच्या दारातून जिजाबाई विचारत होती, कोण आलं वं म्हणून. शामला ते सात नकाशे बोटांवर मोजू लागली.